फोकस अजून थोडा वर

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मानोंग गस्पार आज पुन्हा माझ्या गॅरेजात हजर! गाडीतून उतरायच्या आधीच सुरू — "अदिंग, हे काय लावलंयस? हेडलाईट की मेणबत्ती?" सख्खा मानोंग, थोरला भाऊ; मी अदिंग, धाकटा, म्हणून ऐकून घेतलं. दुसरा कुणी असता तर पाना फेकून मारला असता.

यंदाच दोनदा बल्ब बदलले त्याचे. चांगले होते. पण याचं एकच पालुपद — दिसत नाही, दिसत नाही. रोज पहाटे अंधारात अबातानहून व्हॅन भरून माणसं बागिओ शहरात नेतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, मधे धुकं. नाही कसं म्हणणार? एलईडी मागवतो म्हटलं. लगेच खूश.

१९ ऑक्टोबर, रविवार

एलईडी बसवले. दिवसभर नुसता डोक्याला ताप! बल्बच्या मागे तो गार ठेवायचा पंखा, त्यामुळे हेडलाईटच्या पाठीची रबराची टोपी बसेना. शेवटी टोपी कापली. मग बल्ब गोल फिरवत बसलो. त्याच्या अंगावरच्या उजेड देणाऱ्या चकत्या बरोबर डाव्या-उजव्या बाजूला आल्या नाहीत तर उजेड वाट्टेल तिकडे फाकतो. मानोंगची बायको, एस्तेर मानांग, चर्चहून परतताना ओरडून गेली, "भावजी, आज तरी देवाचं नाव घ्या!" घेत होतो की, स्क्रूगणिक घेत होतो.

दिवेलागणीला व्हॅन भाजी गोदामाच्या भिंतीसमोर लावली. मागे बटाट्याची पोती टाकली. भरल्या गाडीचं बूड बसतं नि तोंड वर होतं, म्हणून फोकस रिकाम्या गाडीवर कधी लावू नये. भिंतीवर टेप चिकटवला, उजेडाची कड टेपच्या जरा खाली आणली. सुरेख सरळ रेघ!

मानोंग स्टिअरिंगवर. "वर कर."

"मानोंग, हेच बरोबर आहे. समोरच्याच्या डोळ्यांत जाईल."

"समोरचा घालतो का मला जेवायला? अजून थोडा वर."

केला वर! माझं मन म्हणत होतं, करू नको. पण तो एकदा हट्टाला पेटला की मी हात टेकतो, लहानपणापासून.

२२ ऑक्टोबर

कोबीचा ट्रक चालवणारा पास्क्वाल गॅरेजात येऊन शिव्या देऊन गेला. "तुझ्या भावाने काल वळणावर मला आंधळा केला! चाक कठड्याला घासलं माझं. घरी बायकापोरं आहेत की नाही मला?" सगळं गुमान ऐकलं. खोटं कुठे बोलत होता?

संध्याकाळी मानोंगच्या दारात जाऊन फोकस खाली केला. तो जेवत होता. बाहेर आलाच नाही.

२३ ऑक्टोबर

मानोंग बोलत नाही. मानांगनेही आज कॉफी पाठवली नाही. बरं.

२७ ऑक्टोबर, सोमवार



दरड कोसळलेल्या जागी एकेरी रस्ता आहे. तिथे आन्दो झेंडी घेऊन उभा असतो. आज पहाटे मानोंगची व्हॅन त्याला घासून गेली. झेंडीची काठी मोडली, आन्दोचा हातही मोडला. व्हॅन वीतभर अजून बाहेर असती तर आन्दो दरीत! व्हॅनमधल्या बायका किंचाळल्या तेव्हा कुठे मानोंगने ब्रेक मारला.

मानोंग म्हणतो, "बाजूने एकदम आडवा आला." आन्दो म्हणतो, "मी हललोसुद्धा नाही. अंगावर चमकणारं जाकीट होतं. मी तुझ्या उजेडात उभा होतो, मानोंग!"

आणि सगळा बाजार काय म्हणतो? लिनोने, म्हणजे मी, लावलेले लाईट भिकार. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मीच जाऊन तपासले. पंखा चालतोय, वायर घट्ट, रेघ जिथल्या तिथे. लाईटमध्ये काही खोट नाही.

मग खोट कशात आहे? हे लिहायलाही भीती वाटते.

२८ ऑक्टोबर

आज अंधार पडल्यावर त्याला व्हॅन घेऊन गोदामाच्या भिंतीशी बोलावलं. फोकस पुन्हा बघू म्हटलं. आला, घुश्शातच. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. रेघेच्या मधल्या प्रखर उजेडात नाही, तिथून चारेक पावलं बाजूला. तिथेही उजेड भरपूर होता. माझ्या शर्टाची बटणं मला दिसत होती.

"रेघ दिसते, मानोंग?"

"दिसते की. एकदम चोख."

मग मी आवाज न करता हात वर केला. हलवला. दोन्ही हात हलवले. तो समोर बघतोय, शांत.

"लिनो? अरे कुठे गेलास?"

मी म्हटलं, "इथेच आहे, स्क्रू पडला होता." तो म्हणाला, "लवकर कर, थंडी वाजतेय."  व्हॅनच्या मागे जाऊन पोत्यावर बसलो. रडू आलं मला. देवा, वर्षानुवर्षं हा माणसं घेऊन त्या घाटातून जातोय!

१ नोव्हेंबर, शनिवार

आज मेलेल्यांची आठवण काढायचा सण, सगळे बाबांच्या थडग्यावर. मेणबत्त्या, भात, खारवलेलं डुकराचं मांस. मानोंग ऊन असतानाच घाई करत होता, "चला चला, धुकं येईल." तो गेल्यावर बाबांची धाकटी बहीण, आंटी बेनिता, हसत म्हणाली, "अगदी बापावर गेलाय! तुमच्या बापालाही सांज झाली की हाताला धरून घरी आणावं लागायचं. लोक म्हणायचे, प्यायलाय. थेंबाला शिवला नाही रे कधी."

मला हसू आलं नाही.

३ नोव्हेंबर

सांगितलं एकदाचं. त्याच्या अंगणात, मानांगच्या समोर. "मानोंग, लाईट ठीक आहेत. तुझे डोळे गेलेत. गाडी बंद कर."

काय काय बोलला! मी जळतो म्हणे त्याच्यावर. मला धंदा येत नाही म्हणून त्याच्या डोळ्यांवर ढकलतो म्हणे. "पंचवीस वर्षं चालवतोय. तो रस्ता मला झोपेतही दिसतो!"

"रस्ता दिसत असेल. आन्दो दिसला का?"

त्याने किल्ली मुठीत आवळून धरली. मग मीही भडकलो. बॉनेट उघडलं, दोन्ही बल्ब उपटून खिशात घातले. म्हटलं, आता जा अंधारात कुठे जातोस ते. तो म्हणाला, "तू माझे डोळे काढून नेलेस, अदिंग." हे लागलं मला. फार लागलं.

मानांग दारात उभी होती. म्हणाली, "घरातसुद्धा संध्याकाळी खुर्च्यांना धडकतो. मी मेली समजत होते, वय झालं." आणि मग त्याच्याकडे वळून, "जा भावजींबरोबर बागिओला. डॉक्टरला दाखव. नाहीतर मी उद्या पहाटे व्हॅनपुढे आडवी पडते. बघू तरी दिसते का!"

५ नोव्हेंबर

तयार झाला. अट एकच — दिवसाच्या बसने जायचं, नि कुणाला सांगायचं नाही. बाजारात सगळ्यांना कधीच कळलंय. मी हो म्हटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बागिओ. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलणं मायाळू. तिने खूप वेळ तपासलं. म्हणाली, नळीतून बघावं तसं दिसतंय यांना. समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं गेलंय, अंधारातलं तर कधीच गेलंय. गेलेलं परत आणणारं औषध नाही. लाईट कितीही मोठे लावले तरी उपयोग नाही.

मानोंगने एकच विचारलं, "दिवसा चालवू?"

"दिवसाही नाही, मानोंग," थोरल्या भावाशी बोलावं तशी ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. जिन्यावरून उतरताना माझ्या बाहीचं टोक पकडलं. मला वाटलं, रडेल. तर म्हणतो, "व्हॅन विकताना ते एलईडी परत बसव हं. भाव बरा येईल."  भजीवाल्याकडे थांबून त्याला गरम केळ्याची भजी घेऊन दिली. सगळी खाल्ली त्याने.

१२ नोव्हेंबर

काल एक लिहायचं टाळलं. मानोंगला बाहेर बसवल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाली, "हे घराण्यात असतं. आता तुम्ही बसा खुर्चीत. नजर मधोमध ठेवा, पडद्यावर कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं."

मी दाबत गेलो. एकही सोडला नाही असं वाटलं मला.

तिने कागद दाखवला. अर्धेसुद्धा दाबले नव्हते.