टॅन्झीने पडायचे नाही

मी, ऑर्व्हल हॅस्केट, वय एकोणपन्नास, धंदा सिनेमातली घोडेस्वारी, राहणार न्यूहॉल, कॅलिफोर्निया, हे पूर्ण शुद्धीवर आणि प्रार्थना करून लिहीत आहे. सोमवारी सिनेमासाठी मला धावत्या घोडागाडीखालून जायचे आहे. देव राखेल, न राखले तर माझी घोडी मागे उरते.

घर भाड्याचे आहे, म्हणून त्याची वाटणी नाही. बायबल आणि घड्याळ बहीण लव्हिनियाला.

खोगीर विल्मर पाइकला. पडद्यावर तो दरोडेखोर, रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून बेसूर गातो. सोमवारचे ऐकून म्हणाला, "मरायचं काम माझं रे, तू कशाला मध्ये घुसतोस?" खोगिराला त्याने तेल लावत जावे. आळशी आहे.

आता माझी घोडी टॅन्झी. तिची आई क्लोव्हर. निर्माते हर्मन क्रेल यांनी मला न विचारता क्लोव्हरच्या पुढच्या पायांना तार बांधली. तारेचे दुसरे टोक पुरलेल्या खुंटाला. घोडी भरधाव सुटली, तार ताणली गेली, मान मोडली. त्या पडण्याच्या फिल्मचा तोच तुकडा कंपनी चित्रामागून चित्रात जोडते. थिएटरात पोरे टाळ्या पिटतात. मी टोपी काढून बसतो.

गेल्या आठवड्यात क्रेलसाहेब म्हणाले, "ते पडणं झिजलंय ऑर्व्हल, नुसत्या रेघा दिसतात. हिच्या तोंडावर आईसारखाच पांढरा पट्टा आहे. पाठलाग जुनाच ठेवू, पडणं तेवढं हिचं नवं घेऊ."

मी म्हणालो, "मी जिवंत असेपर्यंत नाही."

"मग नंतर बघू," ते हसून म्हणाले.

म्हणून लिहितो: टॅन्झी लव्हिनियाच्या कुरणात जाईल. तिला विकू नये, भाड्याने देऊ नये. म्हातारी होऊन, गवतात, आपल्या वेळेला तिने आडवे व्हावे. क्रेलसाहेबांवरचा राग मी कोणाच्या नावे करत नाही. तो देवाकडे जमा.

पाद्रीबाबा ओट सांगतात, साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये. म्हणून पहिले साक्षीदार मी क्रेलसाहेबांनाच केले आहे. वाचून दाखवताच ते ओरडले, "माझ्याच हातानं माझा हात बांधतोस होय रे?"

"होय साहेब. सही नाही तर सोमवारी गाडीखाली कोणी नाही."

त्यांनी पेन मागितले.

ऑर्व्हल हॅस्केट

साक्षीदार:
हर्मन क्रेल, निर्माता (ऐकून, समजून)
रेव्हरंड सायलस ओट

न्यूहॉल, शनिवार, ३ एप्रिल १९३७