झोळीची दोरी

४ नोव्हेंबर
आज भुसावळला बंगल्यावर राहायला आलो. मागची खोली आमची, घर सांभाळायचं काम माझं. नवरा युवराज पावर हाऊसला ठेकेदाराकडे, सकाळी जाऊन रात्री येणार. मालकीणबाई वारल्या, त्यांची पोरगी, म्हणजे ताई, नाशिकला. ताई म्हणल्या रोज काय केलं ते ह्या वहीत लिही, अन् हॉलातला काळा पियानो पुस पण झाकण उघडू नको. आमच्या तान्ह्या प्रशीलची झोळी हॉलच्या हुकाला बांधली. दोरी थेट स्वयंपाकघरात आणली. भाकरी थापता थापता पायाने झोका देते. खूप खुश आहे मी.

७ नोव्हेंबर
पुसताना झाकण उघडलंच. प्रशीलने दोन्ही हात आपटले अन् खदखदून हसला. मग उघडंच ठेवलं. ताईंना कुठं दिसतंय.

९ नोव्हेंबर
दुपारी प्रशील रडत होता, माझे हात पिठाचे. तेवढ्यात पियानो वाजायला लागला. हळू, एकेक सूर, मग मन भरून येईल असा. कोणीतरी कोणालातरी परत बोलवतंय असं वाटलं. प्रशील गप. जाऊन पाहिलं तर कोणी नाही.
पळायला पाहिजे होतं. मी दोरी सोडून निजले. बाळंतपणापासून दुपारची झोपच नव्हती.

१२ नोव्हेंबर
शेजारच्या यशोदाअक्कांनी विचारलं, कोन वाजाडस व माय? मी म्हटलं मोबाईल. अक्का म्हणल्या मालकीणबाईंचं लेकरू झोळीतच गेलं, त्याच हुकाला. मग बाईंनी ही एकच धून बसवली. रिकाम्या झोळीपुढे मरेपर्यंत तीच वाजवली. म्हणल्या, पोऱ्याले एकला नको ठेवू.

१३ नोव्हेंबर
झाकण लावलं. प्रशील निळा पडेस्तोवर रडला. मी भीमाचा पाळणा म्हटला तर माझ्या आवाजाने जास्तच.
मीच उघडलं झाकण. माझ्या हाताने. युवराजला सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर
प्रशील माझ्याकडे बघत नाही. दूध पीत नाही. तरी ओठाला दूध लागलेलं. माझं नाही ते —

१६ नोव्हेंबर
पिशवी भरली. धुळ्याला आईकडे जाते. प्रशीलला झोळीत ठेवून बाटली भरायला स्वयंपाकघरात आले अन् हॉलचं दार लागलं. उघडत नाही. अक्कांना हाका मारल्या —
दोरी दाराखालून येते. मी ओढली. तिकडून कोणी ओढली. हळू. आत वाजणाऱ्या पियानोच्या तालावर.
एका हाताने लिहिते. युवराज, ह्या वेळी मी सोडली नाही. हात कापला तरी —
धून संपत आली
दोरी हलकी लागते, झोळी रिकामी असल्यासारखी

आत प्रशील हसतोय —