प्लेटमधली रेषा

३ जानेवारी २०००
वायटूकेने जग बुडालं नाही. म्हणजे आता तीही सबब गेली. ३१ मार्चला माझं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन संपतंय, मुदतवाढ आधीच घेऊन झाली आहे. थीसिस दिला नाही तर जन्मभर लेक्चरर. विषय तसा सोपा: काचतंतू आणि रेझिनची प्लेट वाकवली तर किती भार सोसते. संकल्प: आजपासून रोज लॅब.

५ जानेवारी
सर्दी. संकल्प सोमवारपासून.

११ जानेवारी
पहिली प्लेट. सकाळी काचेच्या कापडाचे चार थर, प्रत्येकावर रेझिन, वरून रोलर. मग घरी जेवण आणि वामकुक्षी. चारला परत येऊन उरलेले चार थर. कामात शिस्त हवी. आमच्या सदाशिव पेठेत दुपारी दुकानदारसुद्धा शटर उघडत नाही, मी तर संशोधक आहे.

१४ जानेवारी
मशीनवर प्लेट वाकवली. निम्म्या भारालाच कड्कन गेली. बरोबर मधून सुटून दोन पातळ फळ्या झाल्या. रेझिनवाल्याला फोनवर झापलं. बाकी कुणाची तक्रार नाही म्हणे.

२५ जानेवारी
आणखी दोन प्लेट. तशाच फुटल्या. थंडीचा परिणाम असावा. संध्याकाळी अभिनव आला, माझा जुना विद्यार्थी, आता सॉफ्टवेअरमध्ये. म्हणाला, सर, जावा शिका, मी शब्द टाकतो. मला त्याची कीव आली. नंतर त्याची गाडी वळेपर्यंत गॅलरीत उभा होतो. भीती वाटते आहे.

२७ जानेवारी
सापडलं! प्लेटचा काप पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला. चौथ्या आणि पाचव्या थराच्या मध्ये सरळ काळी रेषा. तिन्ही प्लेटमध्ये, त्याच जागी. हा योगायोग नव्हे, हा निसर्गनियम आहे. नाव माझंच: लिमये रेषा.

५ फेब्रुवारी
घरी सौ. श्यामलाचं हळदीकुंकू. पलंगावरसुद्धा बायका. झोपायला जागाच नाही, म्हणून लॅबमध्येच डबा खाल्ला आणि आठही थर एका बैठकीत उरकले. डोकं दुखतंय. असं घाईचं काम मला पसंत नाही.

८ फेब्रुवारी
घोळ. ही प्लेट ठरलेला भार ओलांडून गेली तरी मोडेना. मशीन बिघडलं असणार. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर रेषाच नाही. सदोष प्लेट. एका प्लेटसाठी अख्खा सिद्धांत सोडायचा? रीडिंग फाडून टाकलं. उरलेली प्लेट श्यामलाला दिली, तिला केव्हाची फळी हवी होती.

२ मार्च
‘लिमये रेषा’ हे प्रकरण पूर्ण. माझे गाइड आगाशे सर परगावी. बरं झालं, एकदम तयार थीसिसच दाखवू.

२७ मार्च
कसबा पेठेत सरांच्या घरी गेलो. सर रेषेचा फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, हे वरचे चार थर कधी लावलेत? म्हटलं, चारला, नेहमीप्रमाणे. आणि खालचे? म्हटलं, जेवायच्या आधी.

सर म्हणाले, “म्हणजे तोवर खालचे वाळून घट्ट, वर लॅबची धूळ. आमोदराव, ही तुमची वामकुक्षी आहे. इतकी स्वच्छ मी प्रथमच पाहतोय.”

एका बैठकीत केलेली एखादी प्लेट आहे का, त्यांनी विचारलं. मी स्कूटरला किक मारली.

घरी फळी भिंतीला ठोकलेली. सुताराने कापून, भोकं पाडून, पलंगाच्या वर. श्यामला म्हणाली, “अहो, बिघडलेली आहे असं तुम्हीच म्हणालात ना?”

सरांना फोन केला. म्हणाले, प्लेट नसली तर निदान तिचं रीडिंग आणा. मी फोन ठेवला.

२८ मार्च
संकल्प: तीन दिवसांत सगळ्या प्लेट नव्याने.

२९ मार्च
रेझिन संपलं आहे. रेझिनवाला माझा फोन घेत नाही.

३१ मार्च, दुपार
विद्यापीठाची खिडकी पाचला बंद होईल. मी गेलो नाही. जेवून पलंगावर आडवा झालो. वर फळी. तिच्यावर लोणच्याच्या बरण्या, पितळी डबे आणि श्यामलाचं शिलाई मशीन. केव्हाचा पाहतोय, केसभरही वाकलेली नाही.

झोप येत नाही.