काजळा आणि गेवा

भाईंदर, मंगळवार

प्रिय पुंडलिका,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. मास्तरांनी ओटीवर बसून वाचून दाखवलं. शेजारी तुझी आई होती आणि आत चुलीपाशी चांगुणा. ज्या बाईला काजळा आणि गेवा यांतला फरक कळत नाही ती खाडीकाठच्या घरात काय नांदणार, तिला माहेरी धाडून द्या, असं तू तुझ्या बायकोबद्दल लिहिलंस, ते तिनेही ऐकलं. पट्टी तिच्या डोळ्यांवर आहे, कानांवर नाही. तुझा राग मला समजतो. लढाईच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाला घरून असली बातमी गेली की डोकं फिरणारच. पण ती बातमी मी कळवली होती, तेव्हा पुढचंही मीच कळवायला हवं. ओळी वेड्यावाकड्या गेल्या असतील, सांभाळून घे. हे मास्तरांकडून लिहून घेण्यासारखं नाही.

रॉकेल मिळत नाही, वखारीतलं लाकूड सोन्याच्या भावाने. म्हणून सगळं गाव जळणाला खाडीत उतरतं. तुला ठाऊकच आहे, काजळा आणि गेवा ही दोन्ही झुडपं एकाच चिखलात, एकमेकांत शिरून वाढतात. पानं दोघांची तुकतुकीत. फुलावर असली तर आंधळाही सांगेल, काजळ्याला पांढऱ्या फुलांचे झुबके आणि गेव्याला पिवळसर लोंबते तुरे. फुलं नसताना मात्र आपल्याकडची एकच रीत. आधी पान मोडायचं, हात लांब धरून देठ बघायचा, मग कोयता. काजळ्याचा देठ कोरडा राहतो, गेव्याच्या देठावर दुधाचा थेंब येतो. ते दूध डोळ्यांत उडालं की माणूस आंधळा होऊन जागीच बसतो. मिठागरावर चाळीस वर्षं काढली मी. राई-मुर्ध्यापर्यंतच्या गावांतली माणसं फांद्या घेऊन मला विचारायला यायची आणि मी मिशीला पीळ देऊन निकाल द्यायचो. त्या मिशीची आता लाज वाटते.

चांगुणा डोंगराकडची, तिला खाडी नवी, हे खरं. पण पोर शिकत होती. गेल्या दिवाळीपासून ती माझ्याबरोबर जळणाला यायची. तुझ्या आईची तेव्हापासून एकच कुरकुर, की सून असून सासऱ्याच्या पुढे चालते, तेही बांधावर धपधप पाय आपटत. मी तिची बाजू घेतली नाही. पुढे चालते तर चालू दे, एवढंच म्हणालो आणि पान खात बसलो.

गेव्याचं दूध तिच्या डोळ्यांत उडालं त्याला आज अकरावा दिवस. वसईचे डॉक्टर म्हणतात, उजव्या डोळ्याला उजेड कळतोय, डाव्याचं काही सांगता येत नाही. दिवसातून चार वेळा औषध घालायचं आणि आठवड्याने पुन्हा दाखवायचं. तिच्या माहेरी म्हातारी आई आणि एक भाऊ, जवळचा डॉक्टर दहा कोसांवर. तिकडे गेली तर उजवाही जाईल. तुझ्या आईने तिकडे निरोप धाडलाय आणि गुरुवारी तो भाऊ तिला न्यायला येतोय. चांगुणाने काल चाचपत चाचपत आपली दोन लुगडी बांधून ठेवली. मी बघत बसलो.

आता ऐक, पुंडलिका. झुडूप तिने निवडलं नव्हतं. मी निवडलं. पान मीच मोडलं, देठ डोळ्यांसमोर धरला आणि तिला म्हणालो, दूध नाही, घाल कोयता. थेंब होता. मला दिसला नाही. बोटांना चिकट लागलं ते मी चिखल समजलो. वर्षभर माझ्या डोळ्यांपुढे धुकं आहे आणि ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण मग मला फांद्या दाखवायला कोण येणार होतं? चांगुणाला मात्र कळलं होतं. बांधावर ती पाय आपटायची ते मला वाट कळावी म्हणून. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "चूक माजी हाय. मामांनी नको सांगितलेलं." आणि मी, तुझा बाप, मान डोलावली. घरी येऊन तसंच तुला कळवलं.

काल मी तुझ्या आईला सगळं खरं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "सुनेला वाचवायला खोटं बोलता व्हय? तुमची नजर चुकंल?" चांगुणाला विचारलं तर ती आपल्या पहिल्या शब्दावरून हलत नाही. मास्तरही माझी समजूत घालून गेले. पुंडलिका, मी खरं बोलतोय आणि या गावात एक माणूस ते मानायला तयार नाही. तू तरी मान. हे पत्र मी पहिल्या गाडीने धाडतोय, बुधवारी तुला मिळेल. त्याच घडीला आईच्या नावाने तार कर, की चांगुणा कुठेही जाणार नाही. तुझ्या शब्दापुढे तिचं चालत नाही. आणि माझ्या शब्दाला आता कोणी विचारत नाही.

तारेची वाट बघणारा,
तुझाच बाबा