चौथ्या ट्रेमधली वाळू

तीर्थस्वरूप मावशी,

वाकून नमस्कार. (सोळा दिवस सूक्ष्मदर्शकावर वाकलेलीच आहे, त्यामुळे वेगळं वाकावं लागलं नाही.) तुझा गुडघा आता कसा आहे? काका कानाचं यंत्र लावतात की अजून खिशातच बाळगतात? इकडे आई मजेत आहे. मी मात्र अडचणीत सापडले आहे, आणि त्याचं कारण म्हणजे दोन ओंजळी वाळू.

मागच्या महिन्यात तू आमची प्रयोगशाळा बघायला आली होतीस. आत पाऊल टाकताच म्हणालीस, "केवढी ही धूळ, पुसत का नाही?" तेव्हा मी सांगितलं होतं की ही धूळ हेच आमचं काम. वाळवंटातल्या बारा टेकड्यांवरून बारा पिशव्या वाळू आणायची, बारा ट्रेंमध्ये पसरायची, चाळायची, आणि एकेक कण बघून वाऱ्याने तो कुठून उचलून आणला हे ठरवायचं. (आई शेजारणींना सांगते की मी कॉम्प्युटरमध्ये आहे. वाळू सांगायला तिला कसंतरीच वाटतं.) आमचे सर शाळेत तुझे विद्यार्थी होते. आता निवृत्तीला आले, पण त्या दिवशी हात मागे बांधून उभे राहिले आणि "हो बाई" याच्यापुढे एक शब्द बोलले नाहीत.

तर अकरा ट्रेंमधली वाळू अगदी गुणी निघाली. वाऱ्याने ठोकरत आणलेले कण गोल होतात आणि घासलेल्या काचेसारखे धुरकट दिसतात, तशीच ती होती. सगळी त्या सुकलेल्या तळ्यातून आलेली, म्हणजे जे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं तेच. चौथ्या ट्रेमधले कण मात्र टोकदार, चकचकीत आणि मधूनमधून काळे. सरांनी भिंगातून पाहिलं आणि खाली बसले. टोकदार म्हणजे फार प्रवास केलेला नाही, म्हणजे जवळच उत्तरेला एखादा डोंगर वाळूखाली गाडला गेलाय, असं त्यांनी चहा यायच्या आत ठरवून टाकलं. नकाशावर उत्तरेकडून एक लाल बाण काढला, माझ्या मनगटाएवढा जाड. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रेमध्ये जळक्या लाकडाचा बारीक तुकडा सापडला, तेव्हा त्या डोंगराच्या पायथ्याशी प्राचीन माणसांनी चूलसुद्धा पेटवली. येत्या शनिवारी वार्षिक सभा आहे. बाहेरचे तज्ज्ञ येणार, बाण दाखवला जाणार, आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा हेही त्याच दिवशी ठरणार.

आणि सोमवारी माझं लक्ष बाहेरच्या बोळात गेलं. तिथे आग विझवायच्या वाळूची लाल बादली टांगलेली असते. (आग कधी लागली नाही. शिपाई तिच्यात विड्या विझवतो.) बादली चार बोटं रिकामी होती. चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली, तर तेच टोकदार कण, तेच काळे, आणि वर काडेपेटीच्या तीन जळक्या काड्या.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी तू खिडकीजवळच्या टेबलाशी उभी होतीस. चौथा ट्रे अगदी कडेला होता. तुझी पर्स मोठी आहे आणि सांडलेलं तुला बघवत नाही. मी काहीच म्हणत नाही. फक्त शांतपणे आठवून बघ आणि उलट टपालाने कळव.

तुझी काळजीने वाळलेली भाची

ता. क. तू आठवायचा प्रयत्न करणार, आणि तुला सगळं लख्ख आठवतं, म्हणून खरं सांगते. तू रिक्षात बसून गेलीस आणि मग माझा कोपर लागला. खालची वाळू झाडूने गोळा केली ती निम्मी धूळच होती, म्हणून ट्रे बादलीतून भरला. संध्याकाळी पिशवीतली उरलेली वाळू काढून बदलणार होते. संध्याकाळपर्यंत बाण निघाला होता. मला भीती वाटते गं. सर तुझ्यावर चिडूच शकत नाहीत. तू सांडलीस असं म्हणशील का?

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघाले, तर बोळात सर भिंग घेऊन बादलीसमोर उभे. तळहातावर तीच वाळू. मी कबूल करायला तोंड उघडणार तोच हळूच म्हणाले, "त्या दिवशी बाई आल्या होत्या ना? त्यांच्या हातून सांडली असं म्हटलं तर चौथा ट्रे बाद करता येईल. पण त्यांना विचारायचं कोणी?" मी पाकीट पुढे केलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. कोपराच्या वाक्याशी थांबून माझ्याकडे बघितलं, पण ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "शुद्धलेखन तपासून पाठव, बाई आधी तेच बघतील."

त्यामुळे आता ही विनंती दोघांची आहे. खाली सरांची सही आहे, तुला वाचता यावी म्हणून सुवाच्य अक्षरात केली आहे. "मी सांडली" एवढंच लिहिलंस तरी चालेल, पण शुक्रवारच्या आत.