पहिला नंबर मालकाचा

परभणी
१४ डिसेंबर २०२४

चि. प्रियांका,
आईचा जयभीम. जावईबापूंनाही सांग.

परवा सकाळी भांडी घासून पालथी घातली होती, ज्वारी पाखडायला घेतली होती, आणि कपाटात तुझ्या पप्पांचा मोबाइल वाजला. नेहमीसारखा. मी सूप खाली ठेवलं नाही. बराच वेळ वाजून तो थांबला.

इथे थंडी बरी आहे. माझा गुडघा आहे तसाच. फोनवर तू मधेच बोलतेस, म्हणून लिहून कळवते.

दुकानाच्या फोनचं मला आता कुठे समजलं. कंपनीचं माहितीपत्रक दोनदा वाचलं. दुकानात आता यंत्र नाही, तार नाही. आपला नंबर कंपनीच्या संगणकावर असतो, आपण फक्त भाडं भरतो. गिऱ्हाईकाचा फोन आधी तिथे जातो. नोंदवून ठेवलेला आवाज म्हणतो, मोटार दुरुस्तीसाठी एक दाबा. दाबलं की तिथून इंटरनेटवरून आपण लावून दिलेल्या क्रमाने एकेकाचा मोबाइल वाजतो. पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याचा. क्रम पप्पांनी लावला होता. आधी स्वतः, मग सिद्धोधन मिस्त्री.

पप्पा गेले तरी क्रम तोच राहिला. सिद्धोधनला विचारलं तर म्हणाला, "मालकाच्या आधी माझा नंबर कसा लावू, वहिनी?" मीही तो क्रम तसाच राहू दिला. मोबाइल मात्र रोज चार्जिंगला लावत होते. हे तुला सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी मी दुकानात गेले होते, तेव्हा पेडगावचे किशनराव आले. सकाळचा फोन त्यांचाच होता. हरभऱ्याला पाणी सुरू असताना मोटार जळाली.

"ताई, तुमचा फोन आधी कोण्या गावाला जाऊन येतो? वाजायलाय, वाजायलाय, कुणी उचलंना! शेवटी दुसऱ्याकून करून घेतली मोटार."

हसत बोलले. मग भिंतीवरच्या पप्पांच्या फोटोकडे बघून त्यांनी टोपी काढली.

ते गेल्यावर सिद्धोधन म्हणाला, "लोक दुसरा फोन वाजायच्या आत ठिवून देतात, वहिनी. असंच चाललं तर दुकान बसंल. मला बी लेकरं हायत."

त्याचं बरोबर आहे. मला तो फोन उचलायचा नव्हता, ऐकायचा होता. वाजतो तोवर कुणीतरी तुझ्या पप्पांनाच बोलवत असतं. पण दुकानच बसलं तर कोण कशाला बोलवेल?

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "पहिला नंबर का काढायचा, मॅडम? कारण टाकावं लागतं."

मी म्हटलं, "मालक बदलले."

त्या जागी माझा नंबर दिला आणि दुकानात जाऊन बसले.

दुकानाला फोन केलास तर आधी मी उचलीन,
तुझी आई
सुकेशनी