गुंटिसच्या मागे सहा हंगाम

११ ऑगस्ट, रविवार

ब्याऐंशीव्या मिनिटाला उतरवलं मला. आठ मिनिटं! घरी आल्यावर लास्मा म्हणते, "मोजे धुवायला टाकू, की तसेच घडी करून ठेवू?" जखमेवर मीठ चोळायला बायकोसारखं माणूस नाही.

पण आज लिहायचंय ते त्या आठ मिनिटांबद्दल नाही. एकोणसत्तराव्या मिनिटाबद्दल. आमचा गुंटिस मैदानाच्या मधोमध, गोलकडे पाठ. मागून रिगाचे दोन धिप्पाड गडी धावत येतायत. चेंडू अजून वाटेत — आणि त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. मग चेंडू आला आणि त्यानं तो अडवलाच नाही! पाऊल जरासं वळवलं, बस्स. चेंडू त्या दोघांच्या मधून पार झाला आणि पलीकडे आमच्या डाव्या बाजूच्या गड्याच्या पायात. गोल. ते दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

उद्या पेपरात गोल करणाऱ्याचं नाव येईल. मी बाकड्यावरून उठून उभा होतो आणि माझं तोंड उघडं होतं, असं राखीव गोलकीपरनं मला नंतर सांगितलं.

छत्तीस वर्षांचा आहे तो. छत्तीस!

१३ ऑगस्ट, मंगळवार

झोप येत नव्हती म्हणून पहाटेच उठून लिहितोय. गुंटिस अठराव्या वर्षी या क्लबात आला. मधे दोन वर्षं पोलंड, एक वर्ष सायप्रस, देशाकडून एक्केचाळीस सामने, आणि मग परत लिएपायात, या समुद्राच्या वाऱ्यात. सगळे मिळून अठरा हंगाम आणि गोल फक्त एकोणीस. मधल्या फळीतला माणूस असाच. घरात आई असते तसा — जेवण ताटात आलं की ते कुणी केलं हे कोण विचारतं?

आणि मी? अठ्ठावीस वर्षांचा. सहा हंगाम त्याचा राखीव. कोच झिगुर्ड्स दर वर्षी तेच म्हणतात, "गुंटिस थांबला की तूच." गुंटिस थांबत नाही! मेहुण्याची कुल्डिगाला लाकडाची वखार आहे. "डिसेंबरपासून ये, नोव्हेंबरात सांग," म्हणतो. ठरवून टाकलंय. या हंगामात एकदा तरी पहिल्या मिनिटापासून खेळलो तर फुटबॉल. नाहीतर फळ्या कापायच्या.

२० ऑगस्ट

सरावानंतर त्याला धीर करून विचारलं, "तू नेमकं काय बघतोस रे, म्हाताऱ्या?" (सगळेच त्याला म्हातारा म्हणतात. त्याला चालतं.)

बुटाची नाडी सोडत म्हणाला, "तू चेंडूकडे बघतोस. कशाला? तो येणारच आहे. जे येणार नाहीये ते बघ."

घरी येऊन लास्माला सांगितलं. ती म्हणाली, "अस्सं? मग तू बसतोस त्या बाकड्यावरून तर सगळं मैदान दिसतं."

२६ ऑगस्ट, सोमवार

आज पुन्हा बादली! दर सोमवारी गुंटिस तपकिरी टोपीची, जाड देठाची अळंबी बादलीभर घेऊन येतो — एकही किडकं नाही — आणि कपडे धुणाऱ्या बिरुटा मावशीच्या टेबलावर ठेवतो. आम्हीही सगळे रानात जातो. आम्हाला मिळतात ती चार सुकी पिवळी आणि अंगावर गोचिडी.

"कुठं मिळाली रे?"

"जंगलात."

"कुठल्या?"

"झाडं आहेत ना, त्या."

यापुढे कुणी विचारत नाही. विचारणंच मुळात असभ्य. मावशीनं दुपारी बटाटे, आंबट साय आणि मूठभर शेपू घालून ती परतली. काळ्या पावाबरोबर आम्ही कढई पुसून खाल्ली. कोचसुद्धा दोनदा घ्यायला आले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

देशाच्या संघाचे सामने, म्हणून लीगला सुट्टी. गुंटिस उद्या रानात जाणार हे नक्की. मी त्याच्या मागे जाणार!

लास्माला सांगितलं तर तिनं हातातला चमचाच खाली ठेवला. "लाज नाही वाटत? माझ्या आईनं तिची अळंब्यांची जागा बाबांना सांगितली नाही. एकतीस वर्षांत! एका अंथरुणात झोपून!"

"मला अळंबी नकोयत," मी म्हटलं. "तो रानात कसा बघतो ते बघायचंय."

हे खरं होतं. निदान अर्धं.

७ सप्टेंबर, शनिवार

हे कुणाला दाखवणार नाही. पण लिहिणार.

त्याची गाडी ओढ्याजवळ उभी होती. मी माझी लांब लावली आणि आत गेलो. तो शंभरेक पावलं पुढे, हातात बादली, एकटाच. आणि काय सांगू — हुबेहूब मैदानातलाच गुंटिस! जमिनीकडे बघतच नव्हता. झाडांच्या मधे बघत होता. डावीकडे, उजवीकडे, मग चार पावलं शांतपणे चालायचा, वाकायचा आणि सुरी फिरवायचा. दर वेळी तिथं अळंबं असायचंच! दोन तास मी त्याच्या मागे होतो. देवळात उभा असल्यासारखं वाटत होतं मला. हा माणूस खेळत नाही, तो असाच आहे, हे तेव्हा कळलं.

मग रानडुकरांनी उकरलेल्या खड्ड्यात त्याचा पाय गेला.

आवाज मलासुद्धा ऐकू आला. तो पडला, बादली सांडली. उठून बसला, इकडेतिकडे पाहिलं. मी स्प्रूसच्या झाडामागे, श्वास रोखून. फोन तो गाडीतच ठेवतो, रानात नेत नाही, हे मला ठाऊक होतं. धावत जायला हवं होतं. एक पाऊल टाकलंसुद्धा. पण गेलो तर काय सांगणार? तुझ्या मागावर आलो होतो? तुझी जागा चोरायला? तो चेहरा कसा करील, हे मला दिसलं आणि पाय जागीच रुतले.

बराच वेळ बसून राहिला तो. वीस मिनिटं तरी. कळ ओसरायची वाट बघत असेल. मग सांडलेली अळंबी एकेक करून बादलीत भरली आणि एका काठीवर रेलून निघाला. गाडीपर्यंत दोन किलोमीटर. मी मागे मागे, लपत. शेवटी शेवटी तो दर दहा पावलांना थांबत होता.

लास्माला सांगितलं, "सापडला नाही."

९ सप्टेंबर, सोमवार

कोचना त्यानं सांगितलं — पायऱ्यांवरून पडलो. डॉक्टर म्हणतात, घोट्याजवळ हाड मोडलंय. रिगाला ऑपरेशन.

बिरुटा मावशी टॉवेल घड्या करता करता माझ्या कानाशी म्हणाली, "पायऱ्या? त्याच्या घराला उंबरठा सोडला तर चढायला काही नाही! मेला रानात पडलाय. खरं सांगितलं तर सगळे तिकडं धावतील ना!" आणि हसत सुटली. मीही हसलो. कसा हसलो, कोण जाणे.

आजही तिच्या टेबलावर बादली होती.

१५ सप्टेंबर, रविवार

पहिल्या मिनिटापासून खेळलो! नव्वद मिनिटं! हरलो, ०-२. मी चेंडूकडेच बघत राहिलो सगळा वेळ. लास्मा प्रेक्षकांत उभी राहून रडली म्हणे. घरी मला कवटाळून म्हणाली, "सहा वर्षं, रेनार्स." मला जेवण गेलं नाही.

२९ सप्टेंबर

गुंटिस कुबड्या घेऊन आला आणि माझ्या जुन्या बाकड्यावर बसला. बरोब्बर माझ्याच कोपऱ्यात.

आणि मग ओरडायला लागला. अख्खा सामना. "मागे एक! — वळू नको! — आता वळ! — उजवीकडे रान मोकळं!" तो तिथून, पाय पुढे लांब करून, पाऊस खात, माझ्यासाठी बघत होता. साठाव्या मिनिटाला त्यानं "सोड!" म्हटलं आणि मी चेंडू न अडवता सोडला. मागे कुणीतरी असणार असा विश्वास ठेवून. होता! १-१. माझ्या अंगावर काटा आला. एवढं मोठं मैदान, आणि ते या माणसाच्या डोक्यात मावतं.

सामना संपल्यावर जवळ आला. "बरा खेळलास. पण मान गंजलीय तुझी. तेल घाल." बस्स, एवढंच.

मला तिथंच सांगून टाकायचं होतं. नाही सांगितलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टर कोचशी बोलत होते, दार उघडं होतं. "मोडला तेव्हाच उचलून आणला असता तर सहा आठवड्यांत धावला असता. हा त्या पायावर चाललाय! हाड सरकलं, सांध्याचं वाटोळं झालं." कोच म्हणाले, "पायऱ्यांवरून खाटेपर्यंत चालला असेल." डॉक्टर म्हणाले, "मग फार लांब खाट आहे त्याची."

म्हणजे तो आता खेळणार नाही. कधीच.

मी केलं हे. खड्ड्यानं पाय मोडला. बाकीचं मी केलं.

१३ ऑक्टोबर

काही लिहावंसं वाटत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

लास्माला सगळं सांगितलं. तिनं टेबलावरची ताटं आवरली. मग म्हणाली, "त्याला सांग."

"क्लबात कळलं तर एकही जण मला पास देणार नाही."

"नाही दिला तर नाही."

"हा शेवटचा सामना होऊ दे. हरलो तर संघ खालच्या लीगमध्ये जाईल."

"तुझं नेहमी एक काहीतरी होऊ द्यायचं असतं," असं म्हणून ती दिवा मालवायला गेली.

९ नोव्हेंबर, शनिवार

वाचलो! १-०! आणि तो पास माझा!

चेंडू यायच्या आधी मी पाहिलं — डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे — आणि पहिल्यांदाच मला दिसलं! मोकळी जागा एखाद्या वस्तूसारखी दिसते, हात लावता येईल अशी. गुंटिस अठरा वर्षं हे बघत होता! मी चेंडू तिथं ठेवला. बाकीचं पुढच्यानं केलं. बाकड्याकडे पाहिलं तर या वेळी तो ओरडलाच नव्हता. दोन्ही कुबड्या वर करून उभा होता, एका पायावर.

नंतर मैदानात त्याला फुलं दिली, माईक दिला. दोनच वाक्यं बोलला. "मला इथं खेळायला आवडलं. आता रेनार्स आहे." लिएपायातली माणसं सहसा आवाज करत नाहीत, पण आज सगळे उभे राहून इतक्या टाळ्या वाजवत होते की वारा ऐकू येईना. मी मान खाली घालून उभा. सगळ्यांना वाटलं, गहिवरलाय.

कोचनी दोन वर्षांचा करार पुढे केला. सोमवारी सांगतो म्हटलं.

१० नोव्हेंबर, रविवार

गेलो सांगायला. गुंटिसनंच दार उघडलं. बूट काढून आत उभा राहिलो. तो चुलीकडे वळून कढई हलवत होता. पाठमोराच म्हणाला, "क्लबचं पिवळंजर्द जॅकेट घालून झाडामागं लपत नसतात, रेनार्स."

मी विचारलं, "मग हाक का नाही मारलीस?"

"वीस मिनिटं बसलो होतो की," तो म्हणाला. "तू येशील म्हणून."

मग त्यानं दोन ताटं काढली.